अस्तर

गाठोडं सोडलं की आधी वास येतो
डांबरगोळ्यांचा, आणि कुठल्यातरी दूरच्या कपाटाचा.
मग जंगलं बाहेर पडतात.

धानोऱ्याच्या बाजारात, मिरचीच्या रांगेपलीकडे,
कवडू मेश्राम परदेशी फौजांचे उतरलेले कपडे विकतो,
साठ रुपयांना एक,
आणि ढगळ झाले तर गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवतो.
बावीस वर्षं मी याच लिंबाखाली मशीन मांडून आहे.
जगातली जंगलं मी उसवून पाहिलीत.

एक होतं नुसत्या ठिपक्यांचं,
ओल्या पानांवर कुणी मोहरी सांडावी तसं.
एकावर रुंद फराटे,
घाईत सारवलेल्या भिंतीसारखे, बोटं दिसतील असे.
एक वाळूचं, त्यात काळे-पांढरे खडे.
तिथं खडे असतील, मी कशाला नाही म्हणू.
एक सगळं बारीक चौकोनांचं;
त्यातलं झाड मला शेवटपर्यंत सापडलं नाही.
आणि एकदा एका शर्टात चक्क लाल रंग निघाला.
कवडू म्हणाला, "यायच्याकडं पळस असन."

मी बाह्या आखूड करतो.
म्हणजे कुणाच्या तरी रानाची एक वीत
कापून पायाशी टाकतो.

आमचं रान कुणी कापडावर छापलेलं दिसलं नाही.
छापणार तरी कुठला महिना?
फागुनात खाली जळक्या पाचोळ्याची राख,
टेंभराचं खोड काळं, मगरीच्या पाठीसारखं,
मोहाखाली पहाटे सगळं पिवळट.
भादव्यात तीच जागा इतकी हिरवी
की बैलाचं शिंग तेवढं दिसतं.
दर दोन महिन्यांनी फौजेला शिंप्याकडे यावं लागेल.
माझी काही ना नाही.

डोमा उसेंडीनं मागच्या पुसात एक कोट नेला.
जाड, सहा खिशांचा, आतून राखी अस्तर.
थंडीसाठी. थंडीला कुठं डोळे असतात.
आठवड्यानं परत आला, कोट पिशवीत,
पिशवी काखेत दाबून धरलेली.

"पुलावर गाडी अडवली. हा कोठून आणला, म्हणे.
मी म्हणलो, बाजारातून.
तिसऱ्या रात्री घरी आले ते दुसरे.
त्यायनंबी तेच विचारलं.
मीबी तेच सांगितलं."
लिंबाकडं बघत थांबला जरा.
"लपाच्या कपड्यात गा,
एवढा कधी दिसलो नाई मी."

हसलो नाही दोघंही.

"उलटवून दे," म्हणाला.

कोट उलटवणं म्हणजे पायमोजा उलटवणं नव्हे.
खिसे उपटायचे, गळा सोडवायचा,
काजं बुजवून पुन्हा पाडायची.
दिवेलागणीला राखी रंग बाहेर आला,
जंगल आत गेलं.
डोमानं घालून पाहिला, खांदे हलवले.
आता तो चालतो तेव्हा
ती सगळी पानं त्याच्या बंडीवर घासत असतील,
आणि बाहेरून माणूस
चुलीच्या धुरासारखा साधा.
चाळीस झाले होते. तीस दिले,
दहाच्या बदल्यात लाखोरीची डाळ.

खिसे उपटताना शिवणीत एक सुई सापडली.
लोखंडाची नव्हे, झाडाची:
वाळून तपकिरी झालेली, लांब,
मुळाशी दुसरीला चिकटलेली.
पुढच्या बाजारी बिजाबाई हलामीला दाखवली.
तिला ओळखू न येणारं झाड मी अजून पाहिलेलं नाही.
तिनं हुंगली. दाताखाली धरली.
"आपल्याकडचं नोहे."
मग शेळीपुढं केली.
शेळीनं तोंड फिरवलं.

बटणांच्या डब्यात ठेवलीय.
घाईच्या वेळी, न बघता हात घातला
की कधीकधी
तीच टोचते.